स्लम सॉकर : मुलींचा मैदानी तास

नागपुरातील झोपडपट्ट्यांमधल्या मुलामुलींसाठी फुटबॉलच्या आधारे चालणारा सामाजिक उपक्रम. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी तो २००१ मध्ये सुरू केला. भर पावसात वस्तीतली पोरे फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना त्यांनी पाहिली आणि त्यातून ‘झोपडपट्टी फुटबॉल’ स्पर्धा उभी राहिली. २०१६ मध्ये या कार्याला फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला, तर नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) हा चित्रपट बारसे यांच्यावरून सुचला. पडद्यामुळे मुलांची कथा घरोघरी पोचली. पण उपक्रमाचे खरे कसोटीचे काम मुलींमध्ये आहे. त्यांच्यासाठी खेळाला जोडूनच मासिक पाळी, आरोग्य, मुलगा-मुलगी भेद यांवर मोकळे बोलणे होते.

अशा उपक्रमांचे मूल्य बहुधा तिथे काय शिकवतात यावरून ठरवले जाते. त्याआधी मुलीचा कोणता वेळ राखला गेला, हे पाहायला हवे. शाळा सुटते त्याच सुमारास नळाला पाणी येते, धाकटे भावंड कडेवर येते, कणीक मळायची असते. २०१९ च्या राष्ट्रीय वेळवापर पाहणीत ६ वर्षे व त्यावरील वयाच्या ८१ टक्के मुली-स्त्रिया बिनमोल घरकाम करताना आढळल्या, मुले-पुरुष मात्र २६ टक्के. घरकाम करणाऱ्यांत बायकांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटे, पुरुषांची ९७. या हिशेबातून रोजचा एक तास सोडवून घेणे आणि तो चारचौघांसमोर, उघड्या मैदानावर घालवणे, हीच सबलीकरणाची पहिली पायरी. विदर्भाला ती अगदीच अनोळखी नाही. लक्ष्मीबाई केळकरांनी १९३६ मध्ये वर्ध्यात स्थापलेल्या राष्ट्र सेविका समितीनेही मुलींना मैदानावर आणले. दोहोंचा विचार आणि हेतू अगदी वेगळे, पण घराबाहेरच्या वेळेची किंमत दोघांनीही ओळखली.

खेळाने अभ्यास बुडतो, ही पालकांची तक्रार समजण्यासारखी आहे. पण तो तास बहुतेकदा वहीतून नव्हे, चुलीपुढून काढलेला असतो. अधिक वजनदार आक्षेप असा, की मुळातच मोकळ्या विचारांच्या घरातल्या मुली येतात, मग बदलाचे श्रेय उपक्रमाला कसे द्यायचे? युगांडात ब्रॅक संस्थेच्या किशोरी मंडळांची पाहणी इथे उपयोगी पडते. मंडळे कोणत्या भागांत काढायची हे चिठ्ठ्यांसारख्या पद्धतीने ठरले, ती शाळेनंतर आठवड्याचे पाच दिवस भरत, आणि त्या भागांत अल्पवयीन गर्भधारणा व लवकरची लग्ने घटली. तिथे व्यवसायशिक्षणही होते, त्यामुळे हा फुटबॉलचा पुरावा म्हणता येणार नाही. राखीव जागा आणि राखीव वेळ हाही त्या बदलाचा भाग होता, एवढे मात्र म्हणता येते. महाराष्ट्रात २०१९–२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०–२४ वयाच्या सुमारे २२ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झाले होते. तेव्हा हा पुरावा आपल्याही दाराशी येतो.

तिसरा आक्षेप मान्यच करावा लागतो: मुलगी मैदानावर गेली की तिचे काम आईच्या किंवा धाकट्या बहिणीच्या अंगावर पडते. म्हणून भावाच्या हाती हंडा देण्याविषयीचे बोलणे घरापर्यंत न्यावे लागते, आणि मैदान वस्तीला लागूनच असावे लागते. नागपुरात उन्हाळ्यात ऊन उतरेपर्यंत बाहेर पाय ठेववत नाही, हिवाळ्यात साडेपाचलाच अंधारू लागते. मुलींचा तास या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत बसवायचा असतो. मैदानावर दिवा असेल, तर ती पट्टी थोडी रुंद होते.