दारूचा परवाना आणि माणसाची खासगी बाब



महाराष्ट्रातील शहरांत ‘परमिट रूम’ ही पाटी ठिकठिकाणी दिसते. गोव्यात जन्म काढलेल्या मराठी माणसास तिचा अर्थ चटकन लागत नाही. मद्य पिण्यासाठी दुकानदाराकडे जसा परवाना हवा, तसा पिणाऱ्याकडेही हवा, ही त्या पाटीमागची कल्पना. कायद्याच्या पुस्तकात ती आजही जिवंत आहे. मात्र तो परवाना मागणारा आणि दाखवणारा असे दोघेही आता विरळाच.

आज याच कल्पनेने दुसरा वेष घेतला आहे. दारूच्या दुकानी गिऱ्हाइकाने ओळखपत्र दाखवावे, अशी मागणी निरनिराळ्या देशांत होते. अल्पवयीन मुलांच्या हाती बाटली पडू नये, हा तिचा हेतू. आणि ज्याने वर्गात मुले शिकवली आहेत तो या हेतूस नावे ठेवणार नाही. पण त्याबरोबर एक शंकाही विचारली जाते. ओळखपत्रावरील नाव, पत्ता, जन्मतारीख हे सारे दुकानात टिपून घेतले तर त्याचे पुढे काय होते? ही शंका नवी नाही. ती अनुभवलेले देश आहेत, आणि त्यांत आपलाही समावेश होतो.

प्रथम स्वीडनकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या देशात मद्यपानाने अनेक संसार उद्ध्वस्त होत होते, आणि संपूर्ण दारूबंदीची चळवळ जोरात होती. इव्हान ब्रॅट नावाच्या डॉक्टराने मधला मार्ग सुचवला. मद्य बंद करू नये, पण प्रत्येकाने किती घ्यावे यावर लक्ष ठेवावे, असा त्याचा विचार. १९१४ साली स्टॉकहोममध्ये सुरू झालेली ही पद्धत थोड्याच वर्षांत देशभर पसरली. गिऱ्हाइकास एक छोटी वही मिळे. तिला ‘मूटबूक’ म्हणत. नेमून दिलेल्या एकाच दुकानी जायचे, वही पुढे करायची, आणि दारूची प्रत्येक खरेदी तीत नोंदवून घ्यायची, असा नियम होता. १९२२ साली तेथे संपूर्ण दारूबंदीवर जनमत घेतले गेले; बंदीचा पक्ष अगदी थोड्या मतांनी पराभूत झाला, आणि वही कायम राहिली.

या वहीने काही काम केले नाही असे म्हणता येणार नाही. १९५५ च्या ऑक्टोबरात ती रद्द झाल्यावर मद्याचा खप वाढला, झिंगून रस्त्यावर पडणाऱ्यांच्या अटका वाढल्या, आणि सरकारला किंमती चढवाव्या लागल्या. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वही कोणास द्यावी, कोणास किती लिटरांचा वाटा द्यावा, हे ठरवण्यासाठी अर्जदाराची चौकशी होई. त्याचे उत्पन्न किती, त्याने कर भरला आहे काय, घरची स्थिती कशी, पूर्वी कधी पोलिसांच्या हाती लागला होता काय, असे सारे पाहिले जाई. संपन्न गृहस्थास वाटा मोठा, मजुरास लहान. विवाहित स्त्रीस बहुधा स्वतंत्र वहीच मिळत नसे, कारण घरचा वाटा नवऱ्याच्या नावे धरलेला असे. अविवाहित स्त्रीस मिळालीच तर वाटा नाममात्र. १९२२ च्या जनमतात स्त्रियांची व पुरुषांची मते वेगळी मोजली होती, आणि बहुसंख्य स्त्रियांनी दारूबंदीच्या बाजूने कौल दिला होता. ज्यांना दारूची झळ सर्वांत अधिक लागली, त्यांनाच या पद्धतीने अज्ञान मुलांच्या रांगेत बसवले.

तात्पर्य असे की, माणूस किती पितो हे पाहण्यासाठी काढलेली वही हळूहळू तो माणूस कोणत्या लायकीचा आहे हे सांगू लागली. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताचा अनुभवही असाच. तेथील दारूबंदी उठवताना १९२७ च्या कायद्याने मद्यविक्री सरकारी मंडळाकडे दिली, आणि खरेदीदारास परवाना घेणे भाग पाडले. त्यावर नाव, पत्ता, व्यवसाय लिहिलेला असे. प्रत्येक बाटलीची नोंद होई. अति पिणाऱ्यांची एक यादी दुकानांकडे पाठवली जाई, म्हणजे त्यांना कोणी विकू नये. तेथील मूळ रहिवाशांना तर वेगळ्या कायद्याने मद्य निषिद्धच होते. परवान्याची ही पद्धत १९६२ पर्यंत चालली.

आता आपल्या घरी येऊ. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा. बाळासाहेब खेर तेव्हा सरकारचे प्रमुख होते आणि गृहखाते मोरारजी देसाई यांच्याकडे होते. ६ एप्रिल १९५० पासून मुंबई शहरात पूर्ण दारूबंदी अमलात आली. बडोदे संस्थान १९४९ च्या मे महिन्यात मुंबई राज्यात विलीन झाले होते, आणि बेळगाव १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत त्याच राज्यात होते. तेव्हा या दोन्ही शहरांतील मराठी कुटुंबे त्या कायद्याखाली आली. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील त्यांचे आप्त मात्र या कायद्याच्या कक्षेबाहेर होते. आणि पोर्तुगीज अमलातील गोव्यात फेणीला कोणी परवाना विचारीत नसे. एकाच घराण्यातील दोन भावांपैकी एकाने घोट घेतला तर तो गुन्हेगार आणि दुसऱ्याने घेतला तर ती त्याची खासगी बाब, अशी ही विभागणी होती.

या कायद्यामागे महात्मा गांधींची शिकवण होती, आणि भारतीय राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाचा आधारही होता. गिरणगावात पगाराच्या दिवशी गुत्त्याच्या वाटेवर उभ्या राहणाऱ्या बायकांचे दुःख खरे होते. तथापि कायद्याने सर्वांसाठी दार बंद केले नाही. परवान्याची फट ठेवली. परदेशी प्रवासी, परकीय वकिलातींतील अधिकारी, जेथे मद्यपान सर्रास चालते अशा देशात जन्मून वाढलेले लोक, यांना परवाने मिळत. सैनिकांच्या मेसेसना सूट होती. धर्मविधीसाठी लागणाऱ्या मद्यास अनुमती देण्याची तरतूद होती. त्यामुळे मिस्साविधीतील द्राक्षारस कायद्याच्या विरुद्ध ठरला नाही. उरलेल्या सामान्य नागरिकाला प्रकृतीच्या कारणावरून परवाना मागता येई. म्हणजे आपण मद्यावाचून आजारी पडू, असे त्याने अर्जात म्हणायचे, डॉक्टराने त्यास दुजोरा द्यायचा, आणि सरकारी दप्तरात तो कागद कायमचा राहायचा.

या कागदाचा विचार करा. माणसाची प्रकृती ही त्याची व त्याच्या वैद्याची गोष्ट. येथे ती अबकारी खात्याच्या टेबलावर गेली. ज्याला खरोखर व्यसन होते त्याला लाज टाकून ते लिहून द्यावे लागले. ज्याला नव्हते त्याने खोटे लिहून दिले. आणि हे दोन्ही करणारे बहुधा शहरातले, शिकलेले, डॉक्टरांची फी देऊ शकणारे लोक. खेड्यातील ताडी पिणाऱ्या मजुरास हा मार्ग मोकळा नव्हता. त्याच्या वाट्यास हातभट्टी आली आणि तिच्या पाठोपाठ पोलीस आले. कायदा एकच; पण श्रीमंताची दारू कागदात गेली आणि गरिबाची कोठडीत.

या कायद्याविरुद्ध फ्रामजी नसरवानजी बलसारा न्यायालयात गेले. व्हिस्की, ब्रँडी, बिअर यांच्याबरोबर औषधी वाइन आणि ओ-द-कोलन बाळगण्याचाही हक्क त्यांनी मागितला होता. २५ मे १९५१ रोजी सुप्रीम कोर्टाने कायद्याचा बहुतेक भाग वैध ठरवला; मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांवरील बंदी मात्र रद्द केली. राज्याचा अधिकार कोठवर, समानतेचा भंग झाला काय, मालमत्तेच्या हक्कावर घाला पडतो काय, हे त्या निकालातील मुख्य प्रश्न. घरात बसून माणूस काय पितो हे विचारण्याचा सरकारला अधिकार आहे काय, हा प्रश्न खासगीपणाच्या नावाने तेथे निर्णयास आला नाही. त्या काळी आपल्या घटनेच्या चर्चेत तो शब्दच रुळलेला नव्हता. पुढे १९५९ च्या दुरुस्तीने कायदा माणसाच्या शरीरापर्यंत पोचला. संशयितास वैद्यकीय तपासणीस नेऊन त्याचे रक्त घेण्याची तरतूद झाली, रक्तात ०.०५ टक्के वा अधिक मद्यार्क आढळल्यास, आपण निषिद्ध मद्य घेतले नाही हे सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर पडला.

साठच्या दशकात महाराष्ट्राने हे धोरण सैल केले. पण परवाना उरला, आणि त्यातूनच परमिट रूम जन्मास आली. गुजरातने १९६० साली वेगळे राज्य झाल्यावर दारूबंदी कायम ठेवली. बडोद्याच्या नागरिकास आजही प्रकृतीच्या परवान्यासाठी वैद्यकीय मंडळापुढे जावे लागते.

खासगीपणाचा प्रश्न न्यायालयात खऱ्या अर्थाने सुटला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. माणसाने काय खावे, कसे ल्यावे हे सरकारने सांगितलेले कोणास रुचणार नाही, असा विचार न्यायमूर्ती चेलमेश्वर यांनी आपल्या निकालपत्रात मांडला. या निकालाच्या आधारे गुजरातच्या दारूबंदीस आव्हान देणाऱ्या याचिका आल्या. १९५१ सालीच हा विषय संपला, असे राज्य सरकारचे म्हणणे होते. परंतु २३ ऑगस्ट २०२१ रोजी गुजरात हायकोर्टाने तो आक्षेप अमान्य करून याचिका ऐकण्याजोग्या ठरवल्या.

हा सारा इतिहास ध्यानी घेतला म्हणजे आजच्या ओळखपत्राच्या वादात एक भेद स्पष्ट होतो. पाहणे निराळे आणि टिपून ठेवणे निराळे. गिऱ्हाईक वयात आले आहे काय, एवढा एकच प्रश्न दुकानदारापुढे आहे. ओळखपत्रावरील जन्मवर्ष पाहिले, ते परत दिले, की त्याचे उत्तर मिळाले. मुलांचे रक्षण तेवढ्याने होते. नाव, पत्ता, बाटल्यांची संख्या आणि वार टिपून घेतला, तर वयाच्या प्रश्नात काडीचीही भर पडत नाही. भर पडते ती माणसाच्या सवयींच्या खतावणीत. आणि खतावणी एकदा तयार झाली की ती कोणी ना कोणी वाचतोच. स्टॉकहोममध्ये ती निरीक्षकाने वाचली, मुंबईत अबकारी कारकुनाने. उद्या ती विमा कंपनी वाचील, मालक वाचील, मुलीच्या स्थळाची चौकशी करणारा वाचील.

पूर्वी वही कागदाची होती. तिला वाळवी लागे, ती गहाळ होई. आजच्या यंत्रातील नोंद तशी नष्ट होत नाही. २०२० च्या साथीच्या काळात केरळात दारूच्या दुकानापुढील गर्दी टाळण्यासाठी मोबाइलवरून टोकन देण्याची सोय झाली. त्यासाठी नाव, मोबाइल क्रमांक आणि पिनकोड द्यावा लागे. हेतू गर्दी टाळण्याचा होता आणि तो रास्त होता. पण राज्यात कोण कोण दारू घेतो याची एक यादी त्यातून आपोआप तयार झाली. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपले की ती पुसावी, हे तत्त्व त्यात आहे. ते दारूच्या दुकानासही लावले गेले पाहिजे.

दारूच्या व्यसनाने घरे बुडतात, हे नाकारण्याचे कारण नाही. ती सावरण्यासाठी राज्याने झटावे, हेही योग्यच. वय तपासा, चुकणाऱ्या दुकानदारास दंड करा, व्यसनी माणसास इस्पितळाचे दार उघडे ठेवा. पण प्रौढ नागरिकाने केलेल्या खरेदीची वही ठेवू नका. ती मुंबईने ठेवून पाहिली, स्वीडनने ठेवून पाहिली. आणि दोन्हीकडे तीत सर्वांत अधिक डाग पडले ते गरिबांच्या पानांवर.