अहिल्यानगर शहर व परिसर : प्रेक्षणीय स्थळे

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हे सीना नदीकाठी, पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेले शहर आहे. वर्षातील बहुतेक दिवस लख्ख उन्हाचे, पाऊस मोजका आणि सीनेचे पात्र एरवी कोरडे. मलिक अहमद निजामशहाने २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला व पुढे त्याच परिसरात आपली राजधानी वसवली. शहराचा स्थापना दिन आजही २८ मे रोजी पाळला जातो. चौंडी (ता. जामखेड) येथे १७२५ मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे नाव २०२४ मध्ये शहराला व जिल्ह्याला देण्यात आले.

कोरड्या माळावर राजधानी उभी करताना निजामशाहीला पहिला प्रश्न पाण्याचा सोडवावा लागला. कापूरवाडी, शेंडी, भिंगार अशा भोवतालच्या गावांतून जमिनीखालील खापरी नळांनी पाणी शहरात आणले गेले. बागा, हौद, हमामखाने व महाल त्यावरच चालत. ही योजना लक्षात घेतल्याशिवाय येथील वास्तूंचा अर्थ नीट लागत नाही. पण बहुतेक पर्यटकांना तिची माहितीही नसते.

फराहबाग हे तिचे सर्वांत बोलके उदाहरण. विस्तीर्ण तलावाच्या मधोमध उभारलेला हा अष्टकोनी दुमजली महाल मुर्तजा निजामशहाच्या काळात १५८३ मध्ये पूर्ण झाला. उंच कमानी, मधल्या दालनावरचा घुमट आणि चहूबाजूंचे पाणी यांमुळे भर उन्हाळ्यातही आत गारवा राहत असे. आज तलाव आटला आहे आणि वास्तूची बरीच पडझड झाली आहे. तरीही दख्खनी वास्तुकलेतील या महालाचे मोल मोठे आहे आणि त्याच्या वाट्याला आलेली उपेक्षा खेदजनक आहे.

भुईकोट किल्ला शहराच्या पूर्वेस आहे. मूळचा मातीचा कोट हुसेन निजामशहाने १५५९ नंतर दगडी तटबंदीने बांधून काढला. आकार जवळजवळ वर्तुळाकार, परीघ दीड किमी.हून अधिक, २२ बुरूज आणि भोवती रुंद खंदक. सपाट जमिनीवरचा हा किल्ला घेणे किती अवघड होते, हे मोगलांना १५९५-९६ मध्ये कळले. सुरुंगाने तटाला पडलेले खिंडार किल्ला लढवणाऱ्या चांदबिबीने रातोरात बुजवून घेतले व शहाजादा मुरादला तहावर समाधान मानावे लागले. १६०० मध्ये मात्र किल्ला मोगलांकडे गेला. पुढे तो पेशवे व शिंदे यांच्याकडे होता. ऑगस्ट १८०३ मध्ये इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीने तो जिंकला.

‘चले जाव’ चळवळीच्या आरंभी, ऑगस्ट १९४२ मध्ये, काँग्रेस कार्यकारिणीच्या सदस्यांना येथे स्थानबद्ध करण्यात आले. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, शंकरराव देव ही त्यांतील काही नावे. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ १९४४ मध्ये येथेच लिहिला. आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधील पत्रेही याच बंदिवासातील. नेत्यांच्या खोल्या जतन केलेल्या आहेत. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. जाताना ओळखपत्र जवळ असावे.

किल्ल्याजवळची दमडी मशीद (१५६७) आकाराने लहान, पण तिच्या दगडी कोरीवकामाची सफाई शहरातील दुसऱ्या कोणत्याही वास्तूत नाही. सीनाकाठच्या बागरोझात अहमद निजामशहाची कबर आहे. माळीवाड्यातील विशाल गणपती हे ग्रामदैवत. विजापूरला असलेली ‘मुलूख-ए-मैदान’ तोफ १५४९ मध्ये याच शहरात ओतली गेली. औरंगजेबाचा मृत्यू १७०७ मध्ये भिंगारच्या छावणीत झाला. तेथील स्थान आलमगीर या नावाने ओळखले जाते.

लष्कराच्या चिलखती दलाने १९९४ मध्ये उघडलेल्या रणगाडा संग्रहालयात सुमारे ५० वाहने मांडलेली आहेत. रोल्स-रॉइसची चिलखती मोटार, दुसऱ्या महायुद्धातील व्हॅलेंटाइन व चर्चिल रणगाडे, १९६५ च्या युद्धात हाती आलेले पाकिस्तानचे पॅटन आणि भारतीय बनावटीचा विजयंता ही त्यांतील मुख्य. मुलांना हे ठिकाण विशेष आवडते.

शहराच्या पूर्वेस पाथर्डी रस्त्याने दहा-बारा किमी.वर डोंगरमाथ्यावर अष्टकोनी तिमजली वास्तू दिसते. लोक तिला चांदबिबीचा महाल म्हणतात. प्रत्यक्षात ती मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची कबर आहे. संपूर्ण शहर व भोवतालचे पठार न्याहाळायला याहून चांगली जागा नाही.

दक्षिणेस दौंड रस्त्यावर अरणगावजवळ मेहेराबाद आहे. १९२५ पासून अखेरपर्यंत मौन पाळणारे अवतार मेहेरबाबा यांची समाधी तेथे असून ३१ जानेवारीच्या अमरतिथीला (पुण्यतिथीला) देशविदेशांतून भक्त जमतात. उत्तरेचे डोंगरगण हे झाडी व झऱ्यांमुळे पावसाळी सहलीचे ठिकाण. पश्चिमेस सुमारे १७ किमी.वरील हिवरे बाजार हे गाव जलसंधारणाच्या कामासाठी आवर्जून पाहिले जाते. १९८९ पासून पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने समपातळी चर खणले, शेतीसाठी कूपनलिका घेण्यावर बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची पद्धत रुजवली. अशाच कामासाठी पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीलाही अभ्यासगट जातात. त्याच तालुक्यात निघोज येथे कुकडीच्या पात्रात भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी बेसाल्ट खडकात कोरलेले खोल रांजणखळगे आहेत. पाणी कमी असताना त्यांची नक्षी उत्तम दिसते.

तीर्थस्थानांत शिर्डीचा क्रम पहिला. साईबाबांची समाधी १९१८ मधील. शनिशिंगणापूर शहरापासून सुमारे ३५ किमी.वर आहे. तेथील शनीची शिळा उघड्या चौथऱ्यावर असून घरांना कडीकुलूप न लावण्याच्या प्रथेमुळे गाव सर्वत्र माहीत झाले. नेवाशाला प्रवरेकाठी पैस खांबाचे मंदिर आहे, या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ (इ. स. १२९०) मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली, अशी श्रद्धा आहे. भीमेकाठचे सिद्धटेक हे अष्टविनायकांपैकी एक. पाथर्डी तालुक्यातील मढी येथे कानिफनाथांची यात्रा फाल्गुनात भरते व तिच्यातील गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी अभयारण्य (स्थापना १९८०) अवघे २.१७ चौ. किमी.चे असले, तरी काळवीट हमखास दिसतात.

जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा अकोले तालुका मात्र सह्याद्रीत मोडतो व तेथे पाऊस धो धो कोसळतो. कळसूबाई (१,६४६ मी.) हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, हरिश्चंद्रगड, रतनगड, रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर, १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा धरण व रंधा धबधबा ही येथील स्थळे. शहरापासून अंतर दीडशे किमी.च्या आसपास असल्याने मुक्कामाच्या तयारीने जावे लागते. मे-जूनच्या संधिकाळात काजवे, पावसाळ्यात धबधबे आणि हिवाळ्यात गडवाटा असा येथील हंगाम असतो. शहरातील वास्तू पाहण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा.