परिचारिकेच्या हाताखालची शुश्रूषा

नांदेड-लातूरचा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता आणि १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. परिचारिकांच्या नोंदणीचा १९३५ चा कायदा मात्र मुंबई प्रांतापुरता होता, म्हणून तो येथे लागू नव्हता. खेड्यातले बाळंतपण आणि बाळ-बाळंतिणीची देखभाल परंपरेने सुईणीकडे असे, आणि तिचे ज्ञान सासूकडून सुनेकडे किंवा आईकडून मुलीकडे येई. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालानुसार देशात सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. ही तूट भरण्यासाठी कमी मुदतीचे प्रशिक्षण घेतलेली साहाय्यकारी परिचारिका-प्रसाविका, म्हणजे गावोगावी ‘नर्सबाई’ म्हणून ओळखली जाणारी कर्मचारी, पुढे आली. साधारण ५,००० लोकसंख्येच्या आरोग्य उपकेंद्राचा भार एकटीने पेलणे तिला अशक्य होते, म्हणून तिची कामे आणखी खाली सरकली.

ती उचलणाऱ्या स्त्रीला सरकारी भाषेत ‘अंशकालीन स्त्री परिचर’ म्हणतात. उपकेंद्राची झाडलोट करणे, पाणी भरणे, बाळंतपणात हाताशी राहणे आणि गृहभेटीत नर्सबाईंची सोबत करणे ही तिची कामे. मोबदला मात्र वेतनाचा नव्हे, तर तुटपुंज्या मानधनाचा. मोठ्या रुग्णालयांतही आजाऱ्याला कूस बदलून देणारी, भांडे देणारी, अंग पुसणारी ‘मावशी’ बहुधा परिचारिका नसते. काम सोपवता येते, त्याचे उत्तरदायित्व सोपवता येत नाही, हे शुश्रूषाशास्त्राचे मूळ तत्त्व आहे. परंतु येथे काम सोपवले गेले ते बहुतांशी गरजेपोटी, शिकवण्याची तजवीज न करता.

तजवीज केली तर काय घडते, हे मराठवाड्याच्या सीमेवरील जामखेडने दाखवले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे काम सुरू केले, तेव्हा खेड्यांत नेमलेल्या परिचारिका परक्या ठरल्या. मग गावाने निवडलेल्या, बहुतेक निरक्षर आणि अनेकदा दलित असलेल्या स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवण्यात आले. दर आठवड्याच्या शिकवणीने त्यांचे ज्ञान वाढत गेले आणि परिचारिका त्यांची मार्गदर्शक झाली. तुळजापूर तालुक्यातील अणदूरच्या ‘भारतवैद्य’ स्त्रिया याच वाटेने घडल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या आरोग्यदूत स्त्रियांनी नवजात बालकांना प्रतिजैविकाची इंजेक्शनेही दिली. त्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण बासष्ट टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २००५ पासून नेमल्या गेलेल्या आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींना याच अनुभवाचा आधार मिळाला.

या साऱ्यांत स्त्री परिचर सर्वांत दुर्लक्षित राहिली, आणि हा अन्याय आहे. १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाखाली ठेवल्या जाणाऱ्या नोंदवहीत परिचारिका आणि प्रसाविका यांची नावे असतात. बाळंतपणाच्या वेळी त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या स्त्री परिचराचे नाव त्या नोंदवहीत नसते.