आधी इंजिनिअर, मग तोफखाना

बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांच्या फौजांना अधिकारी पुरवण्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने १८०९ मध्ये इंग्लंडात क्रॉयडनजवळ ॲडिसकोम्ब येथे लष्करी विद्यालय काढले. प्रवेश मिळे तो एखाद्या डायरेक्टरच्या शिफारशीवर. वशिला चाले तो दारापर्यंत; पुढचे सारे क्रमांकावर ठरे.

सुमारे दोन वर्षांच्या शिक्षणानंतर जाहीर परीक्षा होई. वरच्या मोजक्या कॅडेटांना इंजिनिअर दल, त्यांच्या खालच्यांना तोफखाना आणि उरलेल्यांना पायदळ, अशी वाटणी असे. घोडदळ या हिशेबात नव्हते. त्या जागा डायरेक्टर थेट भरत. गुणांत गणिताचे पारडे जड होते. हिंदुस्तानी शिकवायला जॉन शेक्सपिअर होते (नाटककाराचे फक्त नामबंधू), पण केवळ भाषेच्या बळावर इंजिनिअर होता येत नसे.

या क्रमांकाची किंमत मोठी होती. ब्रिटिश राजाच्या पायदळात आणि घोडदळात हुद्दा विकत घेता येई. कंपनीच्या फौजेत बढती मुख्यतः ज्येष्ठतेने मिळे. शिवाय इंजिनिअर अधिकाऱ्याला छावणीबाहेरची कामे मिळत: कालवे, पूल, रस्ते, मोजणी. आर्थर कॉटन १८१९ मध्ये मद्रास इंजिनिअर दलात आला आणि पुढे धवळेश्वरमला गोदावरीवर त्याने बंधारा घातला. पण यादी म्हणजे काही विधिलिखित नव्हे. गंगेचा कालवा काढणारा प्रॉबी कॉटली मुळात बंगालच्या तोफखान्यातला. तोफखान्यात अधिकारी कमी पडत होते म्हणून त्याच्या तुकडीतल्या काही जणांना अंतिम परीक्षेआधीच हिंदुस्थानात धाडण्यात आले होते.

पायदळाचे बरेच अधिकारी तर ॲडिसकोम्बला न जाताच थेट नेमले जात. त्यांना क्रमांक नव्हताच. १८१९ मध्ये मुंबई इलाख्याच्या फौजेत आलेला आणि पुढे खानदेशात भिल्ल पलटण उभारणारा जेम्स औट्रम त्यांतलाच एक.

कंपनीचे राज्य संपल्यावर १८६१ मध्ये विद्यालय बंद झाले, मुख्य वाडा पाडला गेला आणि त्या जागी वस्ती उठली. तिथल्या पाच रस्त्यांना औट्रम, हॅवलॉक, क्लाइड, कॅनिंग आणि एल्गिन अशी नावे आहेत. या पाचांपैकी एकही ॲडिसकोम्बचा विद्यार्थी नव्हता.