उसन्या कथानकाचे ओझे

मराठी कादंबरीचा आरंभकाळ बराचसा उसनवारीवर निभावला. हरि नारायण आपटे यांची ‘मधली स्थिती’ (१८८५) रेनॉल्ड्सच्या आधाराने उभी राहिली. वि. सी. गुर्जरांनी प्रभातकुमार मुखर्जी यांच्या बंगाली कथांना मराठी वेष चढविला. रूपांतर ही तेव्हा साहित्यसेवाच मानली जाई.

नारायण सीताराम फडके (१८९४–१९७८) याच परंपरेतून आले. त्यांची पहिली कादंबरी ‘अल्ला हो अकबर’ (१९१७) ही मेरी कॉरेलीच्या ‘टेंपोरल पॉवर’वर (१९०२) बेतलेली होती. वेषांतर करून क्रांतिकारकांत मिसळणाऱ्या राजाची ती मूळ कथा. फडके एवढ्यावरच थांबते, तर वाङ्मयचौर्याचा शब्द त्यांना कदाचित चिकटलाही नसता. परंतु ‘कुलाब्याची दांडी’ (१९२५), ‘जादूगार’ (१९२८) आणि ‘दौलत’ (१९२९) यांनी त्यांना लोकप्रियतेच्या शिखरावर नेले; ‘प्रतिभासाधन’ (१९३१) लिहून ते कथातंत्राचे आचार्य झाले. जो इतरांना निर्मितीची रीत शिकवितो, त्याच्या निर्मितीचे मूळ लोक शोधणारच. आपट्यांना जे सहज मिळाले, ते फडक्यांना नाकारले गेले, याचे कारण केवळ टीकाकारांच्या असूयेत नाही. ‘स्वतंत्र कलाकृती’ या कल्पनेची प्रतिष्ठा मराठीत वाढविण्यात स्वतः फडक्यांचाच मोठा वाटा होता.

आरोपाने त्यांची कारकीर्द मात्र थांबली नाही. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात ते तत्त्वज्ञान शिकवीत राहिले, १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, १९६२ साली पद्मभूषण ठरले. कादंबऱ्यांची संख्या सत्तरीच्या घरात गेली. वाचकाला कथानकाच्या वंशावळीशी कर्तव्य नव्हते. त्याला ती प्रसन्न, रेखीव भाषा हवी होती, आणि ती निर्विवाद फडक्यांची होती.

खरा फटका बसला तो दुसरीकडून. १९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा आली आणि प्रश्नच बदलला. कथानक कोणाचे, हे कोणी विचारीनासे झाले. अनुभव कोणाचा, हे विचारले जाऊ लागले. जुन्या आरोपाचेच हे अधिक खोल रूप म्हणावे लागेल, आणि त्याला फडक्यांच्या तंत्राजवळ उत्तर नव्हते. तंत्र शिकता येते, या त्यांच्या श्रद्धेवरच तो घाव होता.

कायद्याने त्यांना कदाचित निर्दोष ठरविले असते. ‘आर. जी. आनंद’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कल्पना, विषय वा कथानक यांवर स्वामित्वहक्क नसतो, हक्क असतो तो अभिव्यक्तीवर, असा निर्वाळा दिला, तो १८ ऑगस्ट १९७८ रोजी. फडके त्याच वर्षीच्या २२ ऑक्टोबरला निवर्तले. कॉरेली आता इंग्रजीतही क्वचितच वाचली जाते. तिचा तो वेषांतरित राजा मराठीत येताना काय गमावून आणि काय कमावून आला, हे पाहायचे तर दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून ओळीओळीने वाचावी लागतील.