जलसंतुलन, सजीवांतील

सजीवाच्या शरीरातील पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार यांचे परस्परप्रमाण ठरावीक मर्यादेत राखण्याच्या क्रियेला जलसंतुलन किंवा तर्षण नियमन म्हणतात. पेशीच्या पातळ पटलातून पाणी कमी क्षारांच्या बाजूकडून अधिक क्षारांच्या बाजूकडे आपोआप जाते. यालाच तर्षण म्हणतात. चिरलेल्या काकडीला मीठ लावले की पाणी सुटते ते यामुळेच. त्यामुळे भोवती पाणी किती आहे एवढ्यावर सजीवाचे भागत नाही. ते पाणी शरीरात येते की शरीरातून ओढले जाते, यावर त्याचे जगणे अवलंबून असते.

गोड्या पाण्यात : रोहू, कटला यांसारख्या माशांचे रक्त नदीच्या पाण्यापेक्षा खारट असल्याने कल्ल्यांतून पाणी सतत आत शिरते. हे मासे पाणी जवळजवळ पीत नाहीत, भरपूर पातळ मूत्र टाकतात आणि गमावलेले क्षार कल्ल्यांतील खास पेशींद्वारे पाण्यातून परत मिळवतात. अमीबा आणि पॅरामिशियम हे एकपेशीय जीव आत शिरलेले पाणी संकोची रिक्तिकेत साठवून ठरावीक वेळाने बाहेर फेकतात.

समुद्रात : समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बांगडा, पापलेट यांच्या रक्तात त्याच्या साधारण एक तृतीयांश क्षार असल्याने त्यांच्या शरीरातले पाणी सतत बाहेर ओढले जाते. ते समुद्राचेच पाणी पितात, जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकतात आणि मूत्र अगदी थोडे करतात. मुशीची रीत निराळी आहे. ती रक्तात यूरिया साठवून आपले द्रव समुद्राच्या तोडीस तोड ठेवते. शिळ्या मुशीला येणारा अमोनियाचा उग्र दर्प हा त्या यूरियाच्या विघटनाचा असतो. समुद्रपक्ष्यांच्या डोळ्यांवर क्षारग्रंथी असतात. त्यांचा खारट स्राव नाकपुड्यांतून ठिबकतो. शरीरक्रियाशास्त्रज्ञ नूट श्मिट-नील्सन यांनी १९५०च्या दशकात या ग्रंथींचे कार्य उलगडले. समुद्रातून नदीत चढणाऱ्या हिल्सा माशाला वाटेतच आपल्या कल्ल्यांचे काम उलटे करावे लागते.

जमिनीवर : येथे मुख्य धोका सुकण्याचा असतो. पक्षी, सरडे आणि कीटक नायट्रोजनयुक्त मल यूरिक आम्लाच्या रूपात, जवळजवळ पाण्याविना टाकतात. माणसाची मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातले एक-दोन लिटरच मूत्ररूपाने बाहेर पडते, बाकीचे रक्तात परत घेतले जाते. उंटाच्या वशिंडात पाणी नसून चरबी असते. तो दिवसा शरीराचे तापमान चढू देऊन घाम वाचवतो आणि पाणी मिळताच दहा-पंधरा मिनिटांत सुमारे १०० लिटर पिऊ शकतो.

वनस्पती : मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी बहुतांश पाणी पानांच्या पर्णरंध्रांतून वाफ होऊन जाते. कण्हेरीची पर्णरंध्रे पानाच्या खालच्या बाजूस केसाळ खळग्यांत दडलेली असतात, तर निवडुंगाची प्रामुख्याने रात्री उघडतात. याउलट, ओल्या जमिनीतला अळू पहाटे पानाच्या टोकातून जादा पाणी थेंबाथेंबाने टाकतो. पाहणाऱ्याला ते दव वाटते. कोकणातील खाड्यांच्या काठचे तिवर बरेचसे मीठ मुळांशीच अडवते आणि उरलेले पानांतून बाहेर टाकते. कोरड्या दिवशी त्याच्या पानावर बोट फिरवले तर मिठाचे बारीक कण हाताला लागतात.

शेतीतील महत्त्व : अतिसिंचनाने भूजल वर येते, त्याची वाफ होते आणि क्षार मातीच्या वरच्या थरात साचतात. कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात अनेक जमिनी अशा क्षारपड झाल्या आहेत. तेथे मातीतले पाणी मुळांपेक्षा खारट झाल्याने मुळांना ते ओढता येत नाही आणि ओल्या रानात उभे पीक तहानेने सुकते. आणखी पाणी दिल्याने ते सावरत नाही. निचऱ्याची सोय करून साचलेले क्षार रानाबाहेर काढावे लागतात.