हिस्लॉप आणि लिंगोचे गीत

ख्रिस्ती मनुष्य श्रद्धेने व प्रेमाने ओळखावा, असे म्हणतात. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरास आले, ते धर्मोपदेशासाठी. तथापि चांदा-गडचिरोलीच्या अरण्यांत आजही बोलल्या जाणाऱ्या माडिया व कोलामी बोलींचे शब्द त्यांनी टिपले. परधान गातात ते लिंगोचे दीर्घ गोंडी गीतही उतरवून घेतले. त्या गीतात महादेव आहे, ख्रिस्त नाही. जे देव सोडण्याचा उपदेश करावयाचा, त्यांचीच कथा इतक्या निष्ठेने लिहून घेणे, यास प्रस्तुत लेखकाच्या मते प्रेमच म्हणावे लागेल. (फॉर्साइथने १८७१ मध्ये तिला इंग्रजी पद्याचा साज चढविला, तो प्रकार निराळा.) ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाहून परतताना नाल्याच्या पुरात हिस्लॉप बुडाले. त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली, गीताच्या मूळ गोंडी पाठासह, प्रसिद्ध केली.